मास्तरांच्या पायाखालचा दुसरा ब्रेक

मी सोलापुरात मुलांना गाडी चालवायला शिकवतो. एका आईचं मला आलेलं पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही सोलापुरात सैफुलला राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. मुलगा तीन महिन्यांपूर्वी अठरा वर्षांचा झाला आणि गेल्या आठवड्यात त्याचं पक्कं लायसन्स पोस्टानं घरी आलं. तेव्हापासून घरात रोज वाद आहे. यजमान म्हणतात, 'लायसन्स झालंय की, आता कशाला अडवायचं?' ते त्याला आमचा छोटा हत्ती देऊन ट्रान्सपोर्टला माल टाकायला पाठवणार आहेत. मुलाला येत्या शनिवारी रात्री आमची कार घेऊन तीन मित्रांसोबत पुणे रोडच्या ढाब्यावर जेवायला जायचंय. माझा भाचा सिडनीला असतो. तो म्हणाला, तिकडे नव्या ड्रायव्हरवर तीन वर्षं बंधनं असतात, गाडीला लाल पाटी लावावी लागते. आपल्याकडे असं काही आहे का? मी काही बोलले की मुलगा म्हणतो, 'आई, तू स्वतः गाडी चालवत नाहीस, तुला काय कळतंय त्यातलं?' धाकटी दहावीत आहे, ती स्कूटीवर क्लासला जाते, तिचीही काळजी वाटते. — एक आई"

ताई, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेतो, कारण ती उद्यावर ढकलण्यासारखी नाही. धाकटीच्या हातातली स्कूटीची किल्ली आजच काढून घ्या. सोळाव्या वर्षी जे लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटी 100 सीसीच्या वरच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण लागतात. दहावीतल्या मुलीला तर सोळाही झाली नसतील. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. "मला माहीत नव्हतं" हे पालकाला सिद्ध करावं लागतं. तुम्ही तर मला पत्रात लिहूनच दिलंय. क्लास लांब असेल तर रिक्षा लावा, दोन-तीन मुलींच्या आया मिळून लावा. पैसे जातील, जाऊ द्या.

आता छोटा हत्ती. तुमच्या यजमानांनी बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालाबद्दल ऐकलं असावं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. बरोबर आहे. पण वयाची अट त्या निकालानं हललेली नाही. मोटार वाहन कायद्याचं चौथं कलम सांगतं की वीस वर्षांखालच्या माणसानं सार्वजनिक रस्त्यावर मालवाहतुकीचं किंवा प्रवासी वाहतुकीचं वाहन चालवायचं नाही. तुमच्या छोट्या हत्तीला पिवळी पाटी आहे ना? मग तुमच्या मुलाला अजून पावणेदोन वर्षं त्याला हात लावता येणार नाही. त्यानं चालवला तर त्याच्यावर गुन्हा, आणि किल्ली दिली म्हणून मालकावरही. दोघांनाही 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात टॉवेलचे गठ्ठे कॅरिअरच्या वर दोन हात चढवलेले असले की गाडी वळणावर कशी कलते, हे यजमानांना मी सांगायला नको. घरचा धंदा मुलानं शिकावा, माल मोजावा, बिल्टी करावी, ड्रायव्हरशेजारी बसून फिरावं. स्टिअरिंग मात्र विसाव्या वाढदिवसानंतर.

हे दोन विषय कायद्यानं मिटतात. तिसरा मिटत नाही, आणि खरं पत्र तुम्ही त्यासाठीच लिहिलंय.

आपल्याकडे नव्या कारचालकावर वेगळी बंधनं आहेत का? शिकाऊ लायसन्स असेपर्यंत आहेत. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, तोही असा बसलेला की गाडी आवरू शकेल. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवायचं नाही. हे सहा महिन्यांचं लायसन्स, आणि तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. ज्या दिवशी पक्कं झालं, त्या दिवशी हे सगळे नियम एका फटक्यात गळून पडतात. काल ज्याला शेजारी मास्तर लागत होता, तो आज रात्री दोन वाजता चार जणांना घेऊन हैदराबाद रोडला निघाला तरी कायदा त्याला अडवत नाही. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला जे नियम, तेच तुमच्या मुलाला.

तुमचा भाचा खरं सांगतोय. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथं पंचवीस वर्षांखालच्या मुलानं शिकताना 120 तास गाडी चालवल्याची वहीत नोंद करावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. मग परीक्षा दिली की लाल 'पी'. किमान एक वर्ष वेग ताशी 90 च्या वर न्यायचा नाही, दारूचा थेंबही चालत नाही, मोबाइलला हात लावायचा नाही. वय पंचवीसच्या आत असेल तर रात्री अकरा ते पहाटे पाच गाडीत एकवीसच्या आतला एकच सोबती. त्यानंतर हिरवा 'पी', तो किमान दोन वर्षं. जपानमध्ये पहिलं वर्षभर गाडीवर पिवळ्या-हिरव्या पानासारखं चिन्ह लावणं सक्तीचं आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा गुण झाले की लायसन्सच रद्द होतं, पुन्हा शिकाऊपासून सुरुवात.

या सगळ्या देशांनी एकच गोष्ट ओळखली आहे. नव्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त धोका लायसन्स हातात आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत असतो. रात्र असेल आणि गाडीत त्याच्याच वयाची मुलं असतील तर तो आणखी वाढतो.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं शिकाऊ मुलांच्या शेजारी बसलो आहे. क्लास 21 दिवसांचा, रोज अर्धा तास. म्हणजे साडेदहा तास. सिडनीचे 120 आणि आपले साडेदहा. आणि या साडेदहा तासांतही एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. क्लासच्या गाडीला माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच असतो. सात रस्त्याला रिक्षा एकदम आडवी आली की मुलगा ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. त्याला वाटतं आपण थांबवली. त्याच्या आधी अर्धा सेकंद माझा पाय गेलेला असतो. शेवटच्या आठवड्यात मी पाय मागे घेऊन बसतो, तरी डोळे रस्त्यावर माझेच असतात. "पुढं बस थांबलीय, तिच्या पुढून माणूस येणार" हे मी बोलतो, त्याला अजून दिसलेलं नसतं. गिअर टाकणं आठ दिवसांत येतं. बसच्या पुढून माणूस येणार हे दिसायला वर्ष लागतं. ते वर्ष तुमच्या मुलाचं आता सुरू झालंय आणि शेजारची जागा रिकामी आहे. ती जागा काही महिने तुम्ही दोघांनी भरायची.

मुलगा म्हणतो, आईला गाडी येत नाही, तिला काय कळतंय. ताई, पुढच्या वेळी हे ऐकून गप्प बसू नका. तो कसा चालवतो हे तपासायला तुम्हाला गाडी यायची गरज नाही. शेजारी बसा आणि तीन गोष्टी बघा. पुढच्या गाडीचं मागचं चाक रस्त्याला टेकलेलं त्याच्या सीटवरून दिसेल, एवढं अंतर सिग्नलला तो ठेवतो का? आरशात दर थोड्या वेळानं बघतो का, की वळायच्या वेळीच? आणि मागून कुणी हॉर्न मारला की त्याचा चेहरा कसा होतो? तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मागून हॉर्न ऐकून जो घाबरून पुढं घुसतो किंवा चिडून मुद्दाम हळू होतो, त्याला अजून वेळ द्यायला हवा. हे आईइतकं लवकर कुणाला कळणार नाही.

आता रात्रीच्या हायवेचं सांगतो. मी एकोणीस वर्षांचा असताना, लायसन्सला दोन महिने झालेले, काकांची गाडी घेऊन पंढरपूरहून येत होतो. गाडीत चार भावंडं. मोहोळ मागं पडलं, गाणी जोरात चाललेली. समोरून एक ट्रक अप्पर लाइट मारत आला. मी डोळे बारीक केले, वेग तसाच. ट्रक गेला आणि डोळ्यांसमोर नुसता काळोख. त्या काळोखात एकदम उसाची टोकं दिसली, माझ्या काचेच्या अगदी पुढं. विनादिव्याची ट्रॉली, ना रिफ्लेक्टर, ना मागं लाल कापड. ब्रेकवर मी जवळजवळ उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा दोन ऊस डाव्या बाजूची काच फोडून आत आले होते. तिथं माझी चुलत बहीण बसलेली. ती खाली पडलेली कॅसेट उचलायला वाकली होती, म्हणून वाचली. तिच्या केसांत काचा होत्या आणि गाडीभर ओल्या उसाचा वास. त्यानंतर घरापर्यंत कुणी बोललं नाही. चूक ट्रॉलीवाल्याची होतीच. पण तिथं रोज येणारा-जाणारा कुणीही समोरचा लाइट डोळ्यांवर आला की आधी वेग कमी करतो, डावीकडची पांढरी पट्टी धरतो. मला ते माहीत नव्हतं. परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

मुलाला हे आकड्यांत समजावून सांगा, या वयाची मुलं आकडे ऐकतात. ताशी 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे 33 मीटर तसेच गेले. पुढं कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी तीस-पस्तीस. झाले 65 च्या आसपास. डिपरवर, म्हणजे लाइट खाली टाकलेला असताना, रस्ता दिसतो साधारण 40 ते 50 मीटर. म्हणजे 80 नं जाणारा माणूस ट्रॉली दिसल्यावर थांबूच शकत नाही, कितीही हुशार असला तरी. वेग 60 वर आणला तर हेच अंतर 45 मीटरवर येतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, आणि ऊस रात्रीही वाहतो. पुणे रोड काय, विजापूर रोड काय, अक्कलकोट रोड काय, कुठंही एकापाठी एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भेटेल.

म्हणून कायद्यानं जे केलेलं नाही ते घरानं करायचं. नियम कागदावर लिहा, तारखेसह, आणि मुलाला समोर बसवून लिहा. तोंडी सांगितलेला नियम दर शनिवारी नव्यानं भांडावा लागतो. त्याला नियमापेक्षा जास्त खुपतं ते कधी संपणार हे न कळणं, तेव्हा प्रत्येक बंधनापुढं ते कधी सुटणार हे लिहा. माझ्या हातून गेलेल्या मुलांच्या घरी जे चाललं ते सांगतो.

पहिले तीन महिने मुख्यतः शहरात आणि दिवसाउजेडी, शेजारी कायम आई किंवा बाबा. रविवारी सकाळी सातला पार्क चौक, सात रस्ता, तिथून परत, रस्ता मोकळा असताना. मग हळूहळू गर्दीच्या वेळी. नवी पेठेत रिव्हर्स पार्किंग त्याला येईपर्यंत करू द्या, मागच्यानं कितीही आरडाओरडा केला तरी. दुसऱ्या महिन्यापासून संध्याकाळी अंधार पडताना निघा, म्हणजे दिव्यांची सवय शेजारी कुणी असताना लागेल. याच काळात दोन-तीनदा बाबांनी त्याला हायवेवर न्यावं, एकदा पावसात न्यावं. तीन महिन्यांनी तो एकटा किंवा एका मित्रासोबत शहरात, रात्री नऊपर्यंत. सहा महिन्यांनी दिवसा तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. रात्रीचा हायवे आणि भरलेली गाडी वर्ष झाल्यावर. अधेमधे एखादी चूक झाली, तर तारीख महिनाभर पुढं ढकला, किल्ली कायमची काढून घेऊ नका. किल्ली गेली की मुलं मित्राच्या गाडीत बसतात, आणि तो मित्र कसा चालवतो ते तुम्हाला माहीत नसतं.

कोजागिरीचं वेगळं लिहून ठेवा. त्या दिवसांत लाखो माणसं चालत तुळजापूरला जातात, रात्रभर रस्ता भरलेला असतो, कितीजण कडेलाच पडून झोपलेले असतात. त्या रस्त्यावर नव्या मुलाचीच काय, कुणाचीही हौसेची गाडी नको. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला जायचं असेल तर गाडी घरी ठेवून जा.

दोन नियमांना मुदत नाही. मोबाइल मागच्या सीटवर, बॅगेत. मॅप लागत असेल तर निघण्याआधी लावायचा. दुसरा दारूचा. कायद्यात मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पकडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घरची मर्यादा शून्य ठेवा. यजमानांनी मुलाला स्वतः सांगावं: "तू प्यायलास किंवा गाडी चालवणारा मित्र प्यायला असेल, तर मला फोन कर. कितीही वाजले असू देत, मी येईन, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही." आणि खरंच विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बोला. पहिल्याच फोनला ओरडा बसला, तर दुसरा फोन येणार नाही.

यजमानांसाठी आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. ते स्वतः सीटबेल्ट लावत नसतील, चालवताना फोनवर व्यापाऱ्यांशी बोलत असतील, तर वरचा कागद फुकट गेला. मुलगा गाडी माझ्याकडे 21 दिवस शिकला असेल, बापाकडं तो लहानपणापासून मागच्या सीटवरून शिकतोय. कागदावर पहिली सही बाबांची घ्या: मीही फोन घेणार नाही, मीही बेल्ट लावीन.

विम्याचे कागद एकदा काढून बघा. पॉलिसीत 15 लाखांचं अपघात कवच असतं ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी. मुलगा चालवेल तेव्हा ते त्याला लागू नाही. त्याच्या नावानं वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, फार महाग पडत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवायला लावा, ते पोलिसांपुढं चालतं. आणि त्याच्याकडं दुचाकीचंही लायसन्स असेल, तर हेल्मेट दोघांना, मागं बसणाऱ्यालाही.

राहिला शनिवार. "नाही" म्हणून विषय बंद करू नका, मित्रांपुढं त्याची मान खाली जाईल आणि कागद लिहायच्या आधीच फाटेल. ढाब्याला जाऊ द्या, पण गाडी बाबा चालवतील. मुलगा, तीन मित्र आणि बाबा, पाच जण बरोबर बसतात. तिथं बाबांनी वेगळ्या टेबलावर बसावं, पोरांच्या गप्पांत पडू नये. येताना मोहोळच्या बाजूनं कुठल्याही वाहनाचा अप्पर डोळ्यांवर आला की आपण काय करतो, हे बाबांनी बोलत बोलत करून दाखवावं. मित्रांना त्यांच्या त्यांच्या दारात सोडावं. मग सात रस्त्याला गाडी कडेला घ्यावी, बाबांनी उतरून डावीकडं बसावं आणि तिथून सैफुलपर्यंत मुलानं चालवावं. तेवढ्या रात्री रस्ता रिकामा असतो, पण विजापूर रोडला ट्रक असतात. बाबांनी हातात फोन न घेता समोर बघत राहावं. पोचल्यावर गेट उघडायला तुम्ही जाग्या असालच.